संगणकाबरोबर आलेला ‘क्लाउड’ : ठेवावा की काढावा?

ग्रामपंचायतीत किंवा शाळेत नवा संगणक येतो, तेव्हा त्याच्याबरोबर काही सॉफ्टवेअर मागणी न करताच आलेली असतात. विंडोज प्रणालीच्या संगणकावरील ‘वनड्राइव्ह’ हे त्यांपैकीच एक होय. पडद्याच्या कोपऱ्यात ढगाचे लहानसे चिन्ह दिसते, खाते जोडण्याची सूचना येते आणि घाईत संमती दिली की कार्यालयाची कागदपत्रे इंटरनेटवरून दूरच्या संगणकांत साठू लागतात. काही महिन्यांनी जागा संपल्याच्या सूचना सुरू होतात. मग कोणी म्हणतो, हे काढून टाका; कोणी म्हणतो, असू द्या, कागद सुरक्षित राहतात. दोन्ही मतांत तथ्य आहे. मात्र निर्णयापूर्वी एका प्रश्नाचे उत्तर मिळाले पाहिजे : कार्यालयाचा अभिलेख नेमका कोठे आहे आणि तो कोणाच्या नावाच्या खात्यात आहे?

अभिलेखाचे मोल

जालना जिल्ह्याला अभिलेखाचे मोल नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. औरंगाबाद व परभणी जिल्ह्यांचे भाग वेगळे काढून १ मे १९८१ रोजी हा जिल्हा अस्तित्वात आला. परंतु येथील दप्तरांचा इतिहास त्याहून फार जुना आहे. २०२३ मध्ये अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटी येथील उपोषणानंतर शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि मराठवाड्यातील निजामकालीन कागदपत्रांतून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. उर्दू व मोडीतील महसुली कागद, शाळांच्या जुन्या प्रवेश नोंदवह्या यांची बासने पुन्हा सोडली गेली. त्या नोंदी लिहिणाऱ्या कारकुनाला त्यांचा असा उपयोग होईल याची कल्पना नव्हती. नोंद टिकली, म्हणून ती उपयोगी पडली.

आजची कर आकारणीची नोंदवही, सभेचे इतिवृत्त, लाभार्थ्यांच्या याद्या आणि विद्यार्थ्यांची माहिती संगणकावर तयार होते. तीही तितकीच टिकावी, अशी अपेक्षा ठेवणे रास्त आहे.

आरसा, कार्बन प्रत नव्हे

क्लाउड म्हणजे इंटरनेटने जोडलेल्या दूरच्या संगणकांवरील साठवणीची जागा. मायक्रोसॉफ्टची ही सेवा २००७ मध्ये सुरू झाली. ‘स्कायड्राइव्ह’ हे तिचे नाव बदलून २०१४ मध्ये ‘वनड्राइव्ह’ झाले. वैयक्तिक खात्यास पाच जीबी जागा विनामूल्य मिळते. अँड्रॉइड फोनवर आधीच असणाऱ्या गूगल ड्राइव्हची विनामूल्य जागा पंधरा जीबी असून ती ईमेल व छायाचित्रे यांच्यासह वापरावी लागते.

येथे एक गैरसमज दूर होणे आवश्यक आहे. पुष्कळांना वाटते की, क्लाउडवर आपल्या कागदाची कार्बन प्रत राहते. वस्तुतः तेथे राहते ते आरशातील प्रतिबिंब. संगणकावर कागद बदलला की तेथेही बदलतो. येथे पुसला की तेथेही पुसला जातो. पुसलेला कागद वैयक्तिक खात्याच्या ‘रीसायकल बिन’मध्ये साधारणतः तीस दिवस राहतो, नंतर तो परत मिळत नाही. वार्षिक तपासणीच्या वेळी चूक लक्षात आली, तर उशीर झालेला असतो.

दुसरी बाब अशी की, बॅकअपला संमती दिल्यावर ‘डेस्कटॉप’ आणि ‘डॉक्युमेंट्स’ हे फोल्डरच वनड्राइव्हच्या अखत्यारीत जातात. जागा वाचविण्यासाठी काही फाइलींचे केवळ नाव संगणकावर राहते व मजकूर दूर असतो. अशा फाइलीपुढे ढगाचे चिन्ह दिसते. ऐन ग्रामसभेच्या दिवशी इंटरनेट बंद पडले, तर ती उघडत नाही.

खाते कोणाचे?

समजा, मंठा तालुक्यातील एखाद्या गावच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी आपल्या खासगी ईमेलने संगणक सुरू केला. तीन वर्षांनी त्यांची बदली झाली. कपाटाच्या किल्ल्या, शिक्के आणि नोंदवह्या यादीनुसार नव्या अधिकाऱ्यांकडे आल्या. खात्याचा पासवर्ड मात्र जुन्या अधिकाऱ्यांच्या मोबाइलमध्येच राहिला. यात कोणाचाही हेतू वाईट नाही, तरीही गावाचा अभिलेख गावाबाहेर गेला.

राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने २०२२ मध्ये केंद्र शासनाच्या कर्मचाऱ्यांसाठी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत गोपनीय अथवा अंतर्गत शासकीय माहिती खासगी क्लाउड सेवांवर ठेवू नये, असे सांगितले आहे. नागरिकांच्या वैयक्तिक माहितीच्या जपणुकीसाठी संसदेने २०२३ मध्ये स्वतंत्र कायदाही केला. पंचायती व शाळांनी हेच तत्त्व अंगीकारणे हिताचे आहे. आधार क्रमांक, बँक खाती, विद्यार्थ्यांची माहिती व कर नोंदी खासगी खात्यात असू नयेत. कोरे नमुने, प्रसिद्ध परिपत्रके, शिक्षकांनी तयार केलेले पाठ व तक्ते यांसाठी मात्र ही सोय वापरण्यास हरकत नाही. अशा कामी ती उपयुक्तच आहे.

काढावयाचे ठरल्यास

घाईने काढल्यास हानी संभवते. म्हणून पुढील क्रम पाळावा.

१. ढगाचे चिन्ह असलेल्या सर्व फाइली प्रथम संगणकावर उतरवून घ्याव्यात.

२. त्यांची प्रत बाह्य हार्ड डिस्कवर घेऊन त्यातील काही फाइली प्रत्यक्ष उघडून पाहाव्यात. न तपासलेली प्रत ही प्रत मानू नये.

३. सेटिंगमधून बॅकअप थांबवावा व फाइली वनड्राइव्हच्या फोल्डरमधून नेहमीच्या फोल्डरमध्ये आणाव्यात.

४. त्यानंतर संगणकाची खात्याशी असलेली जोडणी तोडावी आणि मगच सॉफ्टवेअर काढावे.

५. सॉफ्टवेअर काढल्याने क्लाउडवरील माहिती नष्ट होत नाही. ती खात्यात जाऊन स्वतंत्रपणे पुसावी लागते. जोडणी तोडण्यापूर्वी ती पुसू नये. अन्यथा वनड्राइव्हच्या फोल्डरमधील फाइलीही जातील.

ठेवावयाचे ठरल्यास

खाते कार्यालयाच्या अधिकृत ईमेलचे असावे व पासवर्ड मोहोरबंद पाकिटात कार्यालयात ठेवावा. क्लाउड असला तरी एक प्रत हार्ड डिस्कवर असावी आणि ती संगणकाच्या शेजारी न ठेवता दुसऱ्या खोलीत, कुलपात ठेवावी. आग, चोरी किंवा विजेच्या दाबातील चढ-उतार यांनी दोन्ही प्रती एकाच वेळी जाऊ नयेत, हा त्यामागील हेतू होय.

सहा गठ्ठे पद्धतीने कागद लावण्याची शिस्त महाराष्ट्रातील कार्यालयांना परिचित आहे. कोणता कागद किती काळ ठेवावयाचा व कोणता नष्ट करावयाचा, हे तेथे कर्मचाऱ्याच्या मर्जीवर सोडलेले नसते. तीच शिस्त संगणकातील फाइलींना लावावी. पंचायतीने मासिक सभेत याविषयी ठराव करावा, मुख्याध्यापकांनी लेखी सूचना काढावी आणि कार्यभार हस्तांतरणाच्या यादीत किल्ल्या व शिक्के यांच्या खाली आणखी एक ओळ वाढवावी : संगणकाला जोडलेली खाती, ती कोणाच्या नावाची आहेत आणि प्रती कोठे ठेवल्या आहेत.