‘दुखतंय, तरी चालू या’ म्हणणारं काम

बारावीच्या निकालानंतर माझ्याकडे येणाऱ्या आईवडिलांचं पहिलं वाक्य बहुतेक ठरलेलं असतं. ‘एमबीबीएस हुकलं हो, आता फिजिओ तरी मिळेल ना?’ त्या ‘तरी’चं मला फार वाईट वाटतं. पंचवीस वर्षं फिजिओथेरपीचं काम केल्यावर आता मी मुलाशी फी आणि कॉलेजबद्दल नंतर बोलते. आधी पोळ्या करणाऱ्या एका मावशींबद्दल सांगते.

मावशी चार घरी पोळ्या करायच्या. दोन वर्षं कंबर दुखत होती. माझ्याकडे आल्या तेव्हा कमरेला पट्टा, हातात एमआरआयची मोठी पिशवी आणि तोंडी एकच वाक्य : ‘मणक्यात गॅप आलाय, वाकायचं नाही.’ कामं सुटली होती. पाण्याची बादली मुलगी उचलायची. दिवस पलंगावर जायचा आणि दुखणं मात्र होतं तिथेच होतं.

दुखणं तीन महिन्यांहून जास्त टिकलं की त्याला जुनाट वेदना म्हणतात. अशा दुखण्यात पुष्कळदा मूळ इजा कधीच भरून आलेली असते, पण मज्जासंस्था सावधच राहते. घरात एकदा चोरी झाली की पुढे कित्येक रात्री मांजराने भांडं पाडलं तरी आपण दचकून उठतो, तसं. दुखतं म्हणून माणूस हलत नाही, हलत नाही म्हणून स्नायू दुबळे होतात, मग थोडक्या कामानेही दुखतं आणि भीती आणखी वाढते. एमआरआयमधल्या ‘गॅप’चं म्हणाल, तर 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात पाठ अजिबात न दुखणाऱ्यांचेच स्कॅन पाहिले होते. विशीतल्या 37 टक्के आणि ऐंशीतल्या 96 टक्के लोकांच्या मणक्यातल्या गाद्या झिजलेल्या दिसल्या. म्हणजे झीज दिसली, की दुखण्याचं कारण सापडलंच असं नाही. मावशींना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी ती पिशवी पहिल्यांदा खाली ठेवली.

पण लगेच विचारलं, ‘मग मशीन कधी लावणार?’

या प्रश्नापाशी तरुण फिजिओची खरी परीक्षा होते. मशीन लावणं सोपं असतं. पेशंट खूश होतो, दहा दिवसांचं पॅकेज होतं, दवाखाना चालतो. व्यायाम समजावायला वेळ लागतो आणि त्या वेळेचे पैसे द्यायला लोक कुरकुरतात. तरीही मशीन हाच उपचार मानणाऱ्या जागी आपलं मूल पहिली नोकरी करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर 2023 मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात रुग्णाला नीट माहिती देणं आणि व्यायाम यांवर भर आहे. कमरेचे पट्टे आणि ट्रॅक्शन नेहमीचा उपाय म्हणून देऊ नयेत, असंही सांगितलं आहे. आपल्याकडे घरोघरी खुंटीला लटकलेले पट्टे आठवा.

मावशींना मी विचारलं, ओट्यापाशी किती वेळ उभं राहवतं? म्हणाल्या, दहा मिनिटं. मग सातपासून सुरुवात केली. सात मिनिटं झाली की बसायचं, दुखलं नाही तरी बसायचं. तीन-चार दिवसांनी एक मिनिट वाढवायचं. बरं वाटलं म्हणून सगळं घर धुऊन काढायचं आणि पुढचे दोन दिवस झोपून राहायचं, ही सवय मोडायलाच महिना गेला. पहिल्यांदा रिकामी बादली उचलली तेव्हा त्या घामाघूम झाल्या होत्या. तो घाम भीतीचा होता. त्या वेळी शेजारी नुसतं उभं राहणं, घाई न करणं आणि उद्या तेच पुन्हा सांगणं हे आमचं काम. चार महिन्यांनी त्यांनी दोन घरं पुन्हा धरली. कंबर अजून अधूनमधून दुखते, पण त्याला आता त्या घाबरत नाहीत.

अर्थात प्रत्येकाला ‘हला’ म्हणायचं नसतं. ताप, कारण नसताना उतरलेलं वजन, पायातली ताकद जाणं, लघवीवरचा ताबा सुटणं यांपैकी काही दिसलं की व्यायाम बाजूला ठेवून तडक डॉक्टरांकडे पाठवायचं. हे ओळखता यावं म्हणूनच शरीररचनाशास्त्र घासून शिकवतात.

आता पालकांचे प्रश्न. हे क्षेत्र कालपरवाचं नाही. 1953 मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात देशातली पहिली फिजिओथेरपीची शाळा सुरू झाली, तेव्हा समोर पोलिओची मुलं होती. आज राज्यातली बहुतेक कॉलेजं नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाला जोडलेली आहेत. बारावीला भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र लागतं, ‘नीट’ परीक्षा द्यावी लागते आणि प्रवेश सीईटी कक्षामार्फत होतात. 2025 च्या नव्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात इंटर्नशिप वर्षभराची आहे, म्हणजे एकूण पाच वर्षं. पुढे दोन वर्षांचं पदव्युत्तर शिक्षण. सुरुवातीचा पगार कमी असतो, हे मी लपवत नाही. पहिली तीन-चार वर्षं मुलाला घरचा आधार लागेल, असं धरूनच चला. परदेशी जायचं असेल तर तिथली नोंदणी किंवा परीक्षा वेगळी. नावाआधी ‘डॉ.’ लावता येईल का, याचा वाद सरकारदरबारी आणि कोर्टात गाजतो आहे. केवळ त्या एका अक्षरासाठी येणार असाल तर येऊ नका.

मार्कांपेक्षा मी दुसरंच बघते. आजोबांना मोबाइल शिकवताना हा मुलगा तिसऱ्यांदा सांगतानाही शांत असतो का? समोरचा रडायला लागला तर ही मुलगी थांबते, की विषय बदलते?

आणि फॉर्म भरण्याआधी एक करा. एखाद्या सरकारी रुग्णालयाच्या फिजिओथेरपी विभागात परवानगी काढून मुलाला अर्धा दिवस बसू द्या. तुम्ही बाहेर थांबा. परतताना पगाराचं, कॉलेजचं काही काढू नका. आज कोण कोण आलं होतं, एवढंच विचारा आणि तो कोणाबद्दल किती वेळ बोलतो ते ऐका.