रात्रपाळीच्या नोंदी व कालांतराचे गणित

इंदूरमधील एखाद्या रुग्णालयातील परिचारिका रात्री १० वाजता कामावर रुजू होते व सकाळी ६ वाजून १० मिनिटांनी मुक्त होते, असे समजू. हजेरीपत्रक पाहताच कारकून ८ तास १० मिनिटे हे उत्तर देतो. रिलेशनल डेटाबेसमध्ये मात्र दोन्ही नोंदी केवळ घड्याळाच्या वेळा म्हणून ठेवल्या, तर ६:१० मधून २२:०० वजा होऊन उणे १५ तास ५० मिनिटे असे उत्तर येते. यात यंत्राचा दोष नाही. मध्यरात्र उलटली, हे त्यास कोणी सांगितलेलेच नसते.

उत्तर उणे आल्यास २४ तास मिळवावेत, अशी तोड पुष्कळदा योजण्यात येते. ती एका रात्रीपुरतीच चालते. सोमवारी रात्री १० वाजता आलेली व्यक्ती बुधवारी सकाळी ६:१० ला मोकळी झाली, तर ३२ तास १० मिनिटे भरतात. तोडीचे उत्तर पुन्हा ८ तास १० मिनिटेच. म्हणून आगमन व निर्गमन या दोन्ही स्तंभांत दिनांक व वेळ एकत्र ठेवणे अगत्याचे आहे. दोन्ही नोंदी एकाच प्रमाणवेळेच्या हव्यात, हे ओघाने आलेच.

यानंतर एककाचा प्रश्न येतो, आणि खरी फसगत येथेच होते. ओरॅकलमध्ये दोन दिनांकांची वजाबाकी दिवसांत मिळते. तिला १,४४० ने गुणले म्हणजे मिनिटे येतात. एसक्यूएल सर्व्हरमधील ‘डेटडिफ’ हे फलन तास मागितल्यास ओलांडलेल्या तासांच्या सीमा मोजते. १०:५९ ते ११:०१ या दोन मिनिटांच्या अवधीस ते १ तास म्हणते. मायएसक्यूएलमधील ‘टाइमस्टॅम्पडिफ’ पूर्ण झालेले तासच धरते व त्याच अवधीस शून्य म्हणते. यास्तव फरक मिनिटांत काढून तासांत रूपांतर अगदी शेवटी करणे श्रेयस्कर होय.

त्या रूपांतरातही जपावे लागते. ८ तास १० मिनिटे म्हणजे ४९० मिनिटे, अर्थात सुमारे ८.१७ तास. ८.१० तास असे लिहून वेतनदराने गुणल्यास सहा रात्रींच्या ४९ तासांऐवजी ४८.६ तासच हिशेबात येतात. परिचारिकेची २४ मिनिटे, जुन्या मापाने नेमकी एक घटिका, दर आठवड्यास बुडते.

निर्गमनाची नोंद राहून गेली असल्यास वजाबाकीचे उत्तर रिक्त येते. तेथे शून्य भरू नये, कारण शून्याचा अर्थ काम झालेच नाही असा होतो. अशा नोंदी निराळ्या काढून पर्यवेक्षकाकडे पडताळणीसाठी पाठवाव्यात.