मनाच्या तारा जुळल्या, की विजेच्या?

उचकी लागली की घरी कोणीतरी आठवण काढतंय असं आपण म्हणतो. हॉस्टेलवर तर पाणी पिण्याआधी नावांची यादी सुरू होते! याच उचकीचा इलेक्ट्रॉनिक अवतार म्हणजे दूरच्या दोन माणसांचे मेंदू 'सिंक' करणारं घरगुती यंत्र. आमच्या विंगमधले दोघे प्रोजेक्टला हाच विषय घेणार आहेत. सुट्टीत एकाने माझ्या गावी डोलवीला बसायचं, दुसऱ्याने नागपूरला. पैसे त्यांचे जाणार आणि डोकीही त्यांचीच, म्हणून हा अभ्यास. (माझं शिक्षण कॉन्व्हेंटचं, मराठी डोलवीचं. सांभाळून घ्या.)

दावा काय आहे?

कॅनडातल्या लॉरेन्शियन विद्यापीठात मायकेल पर्सिंगर (१९४५–२०१८) नावाचे संशोधक होते. डोक्याभोवती कॉइल लावून अगदी क्षीण, बदलतं चुंबकीय क्षेत्र दिलं तर माणसाला कोणीतरी जवळ असल्याचा भास होतो, असं ते म्हणत. पुढे त्यांच्या गटाने लिहिलं की दूर बसलेल्या दोघांना एकाच वेळी तेच क्षेत्र दिलं, तर त्यांच्या ईईजीमध्ये साम्य येतं. तेव्हापासून कॉइल गुंडाळून आर्डुइनोला जोडणारे हौशी लोक जगभर आहेत.

आता आकडे बघा. ही क्षेत्रं साधारण मायक्रोटेस्लाच्या पातळीची. पृथ्वीचं स्वतःचं क्षेत्र आपल्याकडे सुमारे ४० मायक्रोटेस्ला. डॉक्टर कॉइलने मेंदूला खरोखर उत्तेजना देतात तेव्हा १ ते २ टेस्ला लागतात, म्हणजे जवळजवळ दहा लाख पट! स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातल्या गटाने भासाचा प्रयोग पुन्हा केला. कॉइल चालू की बंद हे ना प्रयोग घेणाऱ्याला माहीत, ना देणाऱ्याला. २००५ मध्ये निकाल छापला: क्षेत्राचा काहीच परिणाम नाही, भास झाले ते सहज प्रभावित होणाऱ्या लोकांना. पर्सिंगर यांना हा निकाल मान्य नव्हता.

मग ग्राफ जुळतात कसे?

खरी गंमत इथेच आहे. कवटीवर मिळणारा ईईजी सिग्नल जेमतेम १० ते १०० मायक्रोव्होल्टचा. खोलीतल्या वायरिंगमधून अंगावर येणारा ५० हर्ट्झचा गुणगुणाट त्याहून कितीतरी मोठा असू शकतो. आणि हे ५० हर्ट्झ काही डोलवीचे वेगळे, नागपूरचे वेगळे नाहीत. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर–सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची लाइन जोडली गेली आणि दक्षिणेचं ग्रिडही बाकीच्या देशाशी एका ठेक्यात आलं. लोड वाढून फ्रिक्वेन्सी ४९.९५ झाली तर ती सगळीकडेच ४९.९५ होते.

आता समजा सर्किटमध्ये फिल्टर नाही आणि आर्डुइनो सेकंदाला ४० सॅम्पल घेतोय. सिग्नल्सच्या तासाला शिकलेलं एलियासिंग आठवा: ५० वजा ४० म्हणजे १०. स्क्रीनवर १० हर्ट्झची सुंदर लहर दिसेल. मेंदूची अल्फा लहर ८ ते १३ हर्ट्झची असते! डोलवीची लहर ९.९५ वर सरकली की नागपूरचीही सरकणार. दोघे म्हणणार, "काय ट्यूनिंग आहे रे!" ट्यूनिंग आहेच, पण ते पॉवर स्टेशनांचं.

खरं कधी मानायचं?

१) दोन्ही सेट बॅटरीवर चालवा, लॅपटॉपचा चार्जर काढा. ही नुसती अचूकतेची नाही, जिवाची गोष्ट आहे. डोक्याला इलेक्ट्रोड लावून मेनला जोडलेलं घरगुती सर्किट कधीही वापरू नका.

२) एका ठिकाणी माणसाऐवजी कलिंगडाला इलेक्ट्रोड लावा. कलिंगडही 'सिंक' झालं तर विषय संपला.

३) कॉइल केव्हा चालू करायची हे तिसऱ्याने नाणं उडवून ठरवावं, आणि ते बाकी कुणाला कळू नये.

४) काय मोजणार ते आधीच लिहून ठेवा. पाच टक्क्यांची पातळी धरून शंभर तुलना केल्या, तर पाचेक नुसत्या योगायोगाने जुळतात.

असा प्रयोग आपल्या महाराष्ट्रात झालेला आहे. २००८ मध्ये जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर आणि सहकाऱ्यांनी ज्योतिष असंच तपासलं. हुशार आणि मतिमंद अशा २०० मुलांच्या पत्रिका, प्रत्येक ज्योतिषाला त्यातल्या ४०. उत्तरं पाठवणारे ज्योतिषी २७, बरोबर उत्तरं सुमारे ४६ टक्के. नाण्यानेही एवढं जमलं असतं.

मेंदूतून मेंदूकडे निरोप मात्र खरोखर गेलाय. २०१४ मध्ये तिरुवनंतपुरमच्या माणसाचा ईईजी वाचून 'होला' आणि 'चाओ' हे शब्द बिटांच्या रूपात फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला पाठवले गेले. तिथे शक्तिशाली कॉइलने दुसऱ्याला प्रकाशाचे ठिपके दिसले, त्यावरून शब्द ओळखले. मध्ये दुवा होता साध्या इंटरनेटचा, वेग मिनिटाला दोन-तीन बिट.

तेव्हा दोस्तांनो, प्रोजेक्ट जरूर करा. पण "तारा जुळल्या" असा रिपोर्ट लिहिण्याआधी त्या कोणत्या तारा, ते तपासा. आणि आईची आठवण आली तर सरळ फोन लावा. त्याचा वेग जास्त आहे.