रतामाच्या झुडपाखाली

शास्त्रपाठ : १ राजे १९:१-२१

कर्मेलावर जय मिळवलेला एलीया रानात जाऊन मरण मागतो. देवाने त्याला अविश्वासी म्हणून दटावले नाही. झोपू दिले, दूताकरवी दोनदा उठवून खाऊ घातले; मग गाऱ्हाणे ऐकले, काम दिले, अलीशासारखा सोबती दिला.

प्रियजनहो, विषण्णता हा आजार आहे, पाप नव्हे. दोन आठवडे मन खिन्न राहिले, झोप उडाली, कशातच गोडी वाटेनाशी झाली, तर प्रार्थनेबरोबर डॉक्टरही हवा. शिंदे की छावनीतल्या आपल्या घरांनी हे दुखणे झाकू नये. ग्वाल्हेरातच मानसिक आरोग्यशाळा आहे. २०२२ पासून ‘टेली मानस’ची मोफत दूरध्वनी सेवाही १४४१६ वर मिळते.

शिक्षकांनी वर्गाला विचारावे : दूताने आधी काय दिले, उपदेश की भाकर? मग उपासनेत ज्याची जागा रिकामी दिसते, त्याच्या घरी जावे.