सूर्यचूल, गोबरगॅस आणि शेगडी : कोण किती कामाचे?



दगडी कोळसा, रॉकेल आणि सिलिंडरमधला गॅस ही इंधने जमिनीच्या पोटातून येतात. ती तयार व्हायला कोट्यवधी वर्षे लागली. एकदा जाळली की संपली. ऊन आणि शेण मात्र रोज नवे मिळते. पण ते तेवढेच काम देते का? हे पाहायला आम्ही बाईंबरोबर मार्च महिन्यात प्रयोग केला.

साहित्य : सूर्यचूल, गोबरगॅसची शेगडी, सिलिंडरची शेगडी, काळा रंग दिलेला झाकणाचा डबा, थर्मामीटर, घड्याळ.

सूर्यचूल म्हणजे एक पेटी. आतला काळा रंग ऊन शोषतो. वरची दुहेरी काच उष्णता बाहेर जाऊ देत नाही. झाकणाचा आरसा जादा ऊन आत पाडतो. उन्हाने तापणारी काचेची पेटी जिनिव्हाचे शास्त्रज्ञ होरेस द सोस्यूर यांनी १७६७ सालीच करून पाहिली होती.

कृती : दर वेळी तोच डबा आणि १ लिटरच पाणी घेतले. माप सारखे नसेल तर तुलना खोटी ठरते. पाणी ३० अंशांवरून ८० अंश सेल्सिअस व्हायला किती वेळ लागतो ते लिहिले. शेगड्या मोठ्या माणसांनीच पेटवल्या. सूर्यचूल आधी अर्धा तास उन्हात ठेवली होती.

निरीक्षण :
सिलिंडरची शेगडी – ४ मिनिटे.
गोबरगॅस – ६ मिनिटे.
सूर्यचूल – १ तास १० मिनिटे.

सगळी पोरं ओरडली, सूर्यचूल हरली! मग बाईंनी विचारले, "शेगडीपाशी कोणी किती वेळ उभे राहायचे, ते मोजले का?" आम्ही तेही मोजायचे ठरवले. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला भिजवलेली तूरडाळ पेटीत ठेवली. ठेवायला ५ मिनिटे लागली. नंतर कोणी ढवळले नाही, कोणी फुंकले नाही. दीड वाजता डाळ मऊ शिजली होती.

एका ढगाळ दिवशी मात्र दोन तासांनीही पाणी ५० अंशांवरच होते. भाकरी तर सूर्यचुलीत होतच नाही, तिला तापलेला तवा लागतो. गोबरगॅसवर भाकरी होते. पण थंडीत तो कमी मिळतो, कारण शेण कुजवणारे जिवाणू गारठ्यात हळू काम करतात.

निष्कर्ष : एकटी सूर्यचूल घर चालवू शकत नाही. पण डाळ-भात उन्हावर झाला, तर सिलिंडर जास्त दिवस पुरेल. आमच्याकडे सिलिंडर संपला की आई परत लाकडाच्या चुलीवर येते. धुराने तिचे डोळे लाल होतात. म्हणून मला वाटते, नुसते "किती लवकर" हे पाहू नये. "किती इंधन वाचले आणि आई किती वेळ मोकळी झाली" हेही मोजावे.

पालकहो, शाळेची सूर्यचूल मैदानात ठेवली आहे. येताना मूठभर डाळ आणा आणि स्वतः पडताळून पहा!

– इयत्ता ४ थी