गुणसूत्रे वाढली म्हणजे झाड सुधारले का?



मिसा सुटल्यावर एका बंधूने विचारले, "पाद्रीबाब, दुप्पट गुणसूत्रांची सागाची रोपे मिळतील असे एक विक्रेता सांगतो. किंमत भारी आहे, पण झाड दुप्पट वेगाने वाढते म्हणे. घेऊ का?" २०१२ आणि २०१८ साली खाणी बंद पडल्या तेव्हा डिचोलीतील कित्येक घरांना पुन्हा जमिनीकडे वळावे लागले. अशा घरचा पैसा चुकीच्या रोपांत अडकू नये, म्हणून हा विषय समजून घेऊ.

झाड कसे वाढावे याच्या सूचना पेशीतील गुणसूत्रांत असतात. बहुतेक झाडांत त्यांचे दोन संच असतात, एक परागाकडून आलेला आणि एक बीजांडाकडून. सागात १८ चे दोन संच, म्हणजे ३६ गुणसूत्रे असतात. कधी कधी निसर्गातच संच वाढतात. उदाहरण आपल्या कुळागरात आहे. केळीचा एक संच ११ गुणसूत्रांचा. वेलची केळीत दोन संच, तर राजेळी व बसराई केळींत तीन. तीन संचांची जोडी नीट जुळत नाही, म्हणून बी धरत नाही आणि आपण मुनवे लावतो.

संच वाढले की पेशी मोठी होते. पान रुंद व जाड होते, लाकडाचे तंतू लांब होतात. स्वीडनमध्ये नीलसन-एले या शास्त्रज्ञाने १९३६ साली रानात सापडलेल्या मोठ्या पानांच्या पॉप्लर झाडांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांत तीन संच निघाले. पुढे चीनमध्ये तीन संचांचे पॉप्लर मुद्दाम तयार केले. ते लवकर वाढते आणि त्यात लिग्निन कमी असते.

लिग्निन म्हणजे काय? भिंतीतील दगड चुन्याने सांधतात, तसे लाकडाचे तंतू लिग्निनने सांधलेले असतात. झाड ताठ उभे राहते आणि लाकूड सहसा कुजत नाही, त्यात लिग्निनचा मोठा वाटा आहे. कागद करताना मात्र ते रसायनांनी काढून टाकावे लागते. म्हणून कमी लिग्निन हा कागद कारखान्याचा लाभ. घराच्या वाशाला किंवा कुंपणाच्या खांबाला तो लाभ असेलच असे नाही.

शिवाय जास्त संच म्हणजे जास्त वाढ, असाही नियम नाही. डिचोलीच्या खाणींच्या ढिगांवर ऑस्ट्रेलियन बाभूळ लावलेली आपण पाहतो. तिच्याच कुळातील आकेशियाची चार संचांची झाडे व्हिएतनाममध्ये लावून पाहिली. तंतू मोठे मिळाले, पण झाडे साध्या झाडांपेक्षा सावकाश वाढली.

आता आरोग्याची एक गोष्ट. संच दुप्पट करण्यासाठी १९३७ पासून कॉलचिसीन हे द्रव्य वापरतात. तेच द्रव्य पावसाळ्यात आपल्या कुंपणावर लाल-पिवळी फुले देणाऱ्या कळलावीत असते. डॉक्टर गाऊट या सांधेदुखीवर ते अगदी थोड्या मापात देतात. पण कळलावीचा कंद जहाल विष आहे. तो खाल्ल्यास काही तासांनी उलट्या व जुलाब सुरू होतात आणि जीवही जातो. यावर घरगुती उतारा नाही. ताबडतोब इस्पितळ गाठावे. बाळंतपणाच्या कळा याव्यात म्हणून हा कंद कधीही वापरू नये. घरी रोपांवर प्रयोग करण्याचा मोहही टाळावा.

मग रोपे घेताना काय करावे?

१. जास्त संचांचा दावा असेल तर लेखी पुरावा मागावा, आणि आपल्यासारख्या जांभ्या जमिनीत वाढलेली झाडे पाहावीत.

२. कलम किंवा ऊतिसंवर्धित रोप म्हणजे जास्त गुणसूत्रांचे रोप नव्हे. त्यात मातृवृक्षाचेच गुण उतरतात.

३. पेडण्याच्या शेजारी वेंगुर्ल्याला १९५७ पासून फळसंशोधन केंद्र आहे. तेथील वेंगुर्ला-४ व वेंगुर्ला-७ या काजूच्या जाती साध्या संकरातून व निवडीतून आल्या आहेत. त्यांची कलमे मिळतात.

बुरूज बांधण्याआधी बसून खर्चाचा हिशेब करावा, असे प्रभू येशूने शिकविले. सागाचे झाड लावणारा तर वीस-तीस वर्षांचा बुरूज बांधीत असतो. त्या बंधूला मी तेच सांगितले: आधी हिशेब, मग खड्डा.