संडासातील हवा आणि सोनखताचा खड्डा

वास आला की संडासातील हवा दूषित आणि वास नसला की स्वच्छ, अशी आपली समजूत असते. रोगजंतूंना मात्र वास नसतो. बादलीभर पाणी उंचावरून जोराने ओतल्यास बारीक तुषार उडतात. मोठे थेंब पायांवर, कडीवर व टमरेलावर बसतात. अतिसूक्ष्म थेंब काही वेळ हवेत तरंगतात. पोटाचे रोग मुख्यतः हात, पाणी व माश्यांमार्फत पसरतात हे खरे; पण हात दूषित होण्यास हे तुषारही कारणीभूत ठरतात. म्हणून भांडे तीव्र उताराचे बसवावे, म्हणजे दीड-दोन लिटर पाणी पुरते. ते खालून, बेताने ओतावे. छताजवळ झरोका ठेवावा व नंतर हात साबणाने धुवावेत. कोंबड्यात सुमारे 20 मि.मी. पाणी उभे राहते, तेच खड्ड्यातील वायू व माश्या अडवते. घर बंद ठेवल्यास हे पाणी आटते. परतल्यावर प्रथम तांब्याभर पाणी ओतावे.

खरी घाई होते ती खड्डा उपसताना. दोन शोषखड्ड्यांच्या संडासात एक भरला की मैला दुसऱ्यात वळवून पहिला निदान दीड ते दोन वर्षे बंद ठेवावा. जंताची, विशेषतः गोल कृमीची, अंडी फार चिवट असतात. पेरणी तोंडावर आली म्हणून सहा महिन्यांत खड्डा उघडणे म्हणजे ती अंडी शेतात नेणे होय. पावसाळ्यात खड्ड्यात भूजल शिरत असेल, तर आतील माल सुकल्याशिवाय हात लावू नये.

मुरलेले सोनखत कोरडे, भुसभुशीत व मातकट वासाचे असते, परंतु त्यात बुरशीचे बीजाणू असतात. बुरसलेला कडबा झाडताना ठसका लागतो, त्यातलाच हा प्रकार. खत चाळू नये. पाणी शिंपडून, वारा पाठीवर घेऊन, नाका-तोंडाला फडके बांधून उपसावे. फडक्याने सारे बीजाणू अडत नाहीत, तेव्हा दमेकऱ्याने या कामापासून दूरच राहावे. खत फळझाडांच्या आळ्यात घालून मातीआड करावे. कोथिंबीर, मुळा, गाजर अशा कच्च्या खाण्याच्या पिकांना देऊ नये.

सेप्टिक टाकीला हे काहीही लागू नाही. तिच्यात रोज ताजा मैला पडतो, त्यामुळे तिचा गाळ खत म्हणून वापरू नये. टाकीत हायड्रोजन सल्फाइड वायू साठतो. प्रथम सडक्या अंड्यासारखा वास येतो. वायू वाढला की नाकाला वासच कळेनासा होतो आणि माणूस जागीच कोसळतो. त्याला काढायला उतरलेलाही बहुधा वर येत नाही. संरक्षक साधनांशिवाय कोणाला टाकीत उतरवणे 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे. टाकी उपसण्यासाठी पंपाची गाडीच बोलवावी.